दोन सेकंद

ऑफिसात त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि ते सगळ्या बायकांना अक्का म्हणत. मी रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते, ते साठीला टेकलेले, तरी मी अक्काच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या ऐंशी ओळींच्या प्रोग्रामवर पेन्सिलीने शंभरेक खुणा करून कागद परत दिला. मी तडक पॅन्ट्रीत गेले, साताऱ्याला आईला फोन लावला आणि म्हटलं, "अगं, इथला म्हातारा भयंकर तिरसट आहे." मागे अण्णा पेल्यात कॉफी ओतून घेत होते. माझा फोन संपेपर्यंत ते शांतपणे उभे राहिले आणि मग म्हणाले, "तिरसट म्हणजे काय, अक्का? आमच्या घरात हा शब्द नाही."

प्रश्न चक्क मराठीत होता. तोवर ते माझ्याशी इंग्रजीतून आणि बाकी सगळ्यांशी कानडीतून बोलत, त्यामुळे मी त्यांना कानडीच समजून चालले होते. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुराला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की ते 'थोडं' असं कधी म्हणायचेच नाहीत, 'स्वल्प' म्हणायचे. मी तिरसट शब्दाचा अर्थ जमेल तितका सौम्य करून सांगितला. त्यांना तो फार आवडला. पुढे नव्या मुलांना ते स्वतःच सांगायचे, "स्वल्प जपून. मी तिरसट आहे."

तसे ते होतेच. प्रोग्राम स्क्रीनवर वाचायला त्यांचा ठाम नकार. कागदावर छापून आणा, मग खिडकीपाशी उभं राहून वाचणार. मे महिन्यातसुद्धा अंगात अर्धा स्वेटर, खिशात एक टॉर्च. लिफ्टने कधी गेले नाहीत. काम पसंत पडलं तर कोपऱ्यात 'आयतु' एवढंच लिहायचे, म्हणजे झालं. तो शब्द मला सात वर्षांत अकरा वेळा मिळाला. ते कागद अजून माझ्या कपाटात आहेत.

रस्त्यांवर त्यांचा खास राग होता. बंगळुरात पत्ता म्हणजे थर्ड क्रॉस, फोर्थ मेन. अण्णांना हे मुळीच मान्य नव्हतं. "रस्त्याला आकडा म्हणजे नाव का?" ते विचारायचे. "दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये नवा रस्ता झाला की त्याला काय म्हणतात? टू-ए! तो तिथं आहे, त्याच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे, ते सांगा की." रिक्षावाल्यांना ते कधीही क्रॉस सांगत नसत. गिरणी, चिंच, गणपतीचं देऊळ असं सांगत सांगत नेत. रिक्षावाल्यांना नाकी नऊ यायचे, पण पोचायचे मात्र बरोबर.

आणि काहीही बिघडलं, कुणाचंही, तर त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. "वायर बघितली का?"

कोरमंगलात मी पीजी सोडून स्वतंत्र खोली घेतली तेव्हा गीझर चालेना. मालक म्हणे गीझर नवा आहे, इलेक्ट्रिशियन म्हणे बटण नवं आहे. मी ऑफिसात चिडचिड करत होते. अण्णांनी ऐकलं आणि शनिवारी सकाळी टॉर्च घेऊन दारात हजर. स्टुलावर चढून त्यांनी वायरीचा माग भिंतीभर काढला, मग जिन्यात, मग वरच्या मजल्यावर. माझ्या बटणावर वरच्या मुलीचा गीझर चालत होता. मी रोज सकाळी दात ओठ खात बटण दाबायचे आणि तिला कडकडीत पाणी मिळायचं. ती बिचारी घराला फार चांगलं म्हणायची. माझ्या लग्नाचं ठरत होतं तेव्हासुद्धा अण्णांनी विचारलं, "वायर बघितली का?" म्हणजे मुलाच्या घरी जाऊन आलात का. मी गेले नव्हते. त्यांच्या प्रश्नामुळे गेले, आणि ते लग्न मोडलं. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

आमची कंपनी दूध थंड करणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर बनवते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत अशा टाक्या असतात. प्रत्येक टाकीत तापमान मोजणारे दोन सेन्सर, एक दुधात आणि एक भोवतालच्या गार पाण्यात. दोन्ही अगदी सारखे. कंट्रोलर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, कर्नलमध्ये, या सेन्सरांशी बोलणारा ड्रायव्हर असतो. तो अण्णांनी लिहिलेला. मशीन सुरू झालं की ड्रायव्हर सेन्सर शोधतो आणि सापडेल त्याला नाव देतो. आधी सापडला तो सेन्सर-शून्य, नंतरचा सेन्सर-एक. वरचे सगळे प्रोग्राम शून्य म्हणजे दूध आणि एक म्हणजे पाणी असं धरून चालत.

वर्षानुवर्षं दुधाचाच आधी सापडायचा, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मग आम्ही नवा कर्नल घेतला. तो दोन्हीकडे एकदमच शोधायला लागला आणि टेबलावरच्या चाचणीत एक दिवस नावं उलटी पडली. दूध म्हणून पाण्याचं तापमान दिसू लागलं. पाणी गार असतंच, त्यामुळे दूध गार झालं असं समजून मशीनने कूलिंग बंद केलं.

अण्णांनी सगळ्यांदेखत कपाळाला हात लावला. "माझी चूक," ते म्हणाले. "आधी कोण आला यावरून नाव दिलं मी. कुठं जोडलाय ते विचारायला हवं होतं." त्यांना नाव देण्याची पद्धतच मुळापासून बदलायची होती. डाव्या सॉकेटमधला तो दूध, उजव्यातला तो पाणी, मग कुणीही कधीही उठो. पन्नास ओळींचं काम. ते त्यांनी दोन दिवसांत लिहिलंसुद्धा.

पण वायर बघितल्याशिवाय ते कुठलं पुढे जातात! बोम्मसंद्राच्या कारखान्यात जाऊन त्यांनी वायरिंग करणाऱ्या बायकांशेजारी स्टूल टाकलं. तिथे त्यांना कळलं की एक बाई डावखुरी आहे आणि तिच्या हातचे सेन्सर उलट्या सॉकेटात बसतात. आजवर नावं सापडण्याच्या क्रमाने पडत होती, म्हणून ते कुणाला जाणवलंच नव्हतं. सॉकेटवरून नाव दिलं तर तिची सगळी जुनी मशीनं चुकली असती. कारखान्याचे प्रमुख तिच्यावर ओरडायला निघाले, तर अण्णा मध्ये उभे राहिले. "ड्रॉइंगमध्ये कुठला कुठं ते लिहिलंच नाही. तिला का बोलता? मला बोला, मी पण कधी विचारलं नाही." मग ते रोज बोम्मसंद्राला जाऊन रजिस्टरांतून तिच्या हातच्या मशीनांचे नंबर काढत बसले. ती यादी ड्रायव्हरमध्ये घातली की जुनी मशीनंही सांभाळली जाणार होती. त्याला दीड महिना लागणार होता. आमच्या मॅनेजरला माल पंधरा दिवसांत हवा होता.

अण्णा तेव्हा निवृत्त होऊन वर्षावर्षाच्या करारावर होते. एकदा मला म्हणाले, "अक्का, एवढं एक नीट करून जायचं आहे. माझ्या हातची चूक गावागावात बसली आहे." इतकं सरळ ते स्वतःबद्दल कधी बोलत नसत.

मी दुसरा उपाय काढला होता. दुधाच्या सेन्सरला उठवायला सुरुवात केली की ड्रायव्हरने दोन सेकंद थांबायचं आणि मगच पाण्याच्या सेन्सरकडे वळायचं. दुधाचा आधी उठणार, शून्य त्यालाच मिळणार. एक ओळ. मी ती अण्णांना दाखवली. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला, वाचला आणि परत दिला. "बेडा," म्हणाले, म्हणजे नको. "ही पाचर आहे. एखाद्या दिवशी दुधाच्याला उठायला तीन सेकंद लागले तर?" मी म्हटलं, "टेबलावर अर्धा सेकंद लागतो." ते म्हणाले, "टेबलावर दूध नसतं."

मला राग आला. खरं सांगायचं तर मी तेव्हा हुशार म्हणून ओळखली जात होते आणि ते मला अंमळ चढलंही होतं. हा माणूस दोन सेकंदांच्या कामाला दीड महिना लावतो, असं मी चारचौघांत म्हणालेसुद्धा.

पुढच्या आठवड्यात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नेमका त्याच दिवशी मॅनेजर दुपारी आम्हा सगळ्यांच्या टेबलांशी येऊन गेला. "आज शाम तक कुछ भी करके भेज दो," म्हणाला. मी चाचणीच्या खोलीत गेले. तिथल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं अण्णांचंच लॉगिन उघडं असे, सगळे त्यावरच चाचण्या करत. मी ती ओळ घातली, वीस वेळा मशीन बंद-चालू करून पाहिलं, वीसही वेळा नावं सुलटी आली. तिथेच जतन करून पाठवून दिली. फाइल अण्णांची असल्याने त्यांच्या नावाने गेलेल्या बदलाला दुसऱ्या कुणाची तपासणी लागत नसे. माझ्या नावाने गेली असती तर ती अण्णांची वाट बघत पडून राहिली असती.

हे मी मुद्दाम केलं नाही. पण तासाभराने बदलांच्या नोंदीत त्या ओळीपुढे अण्णांचं नाव पाहिलं तेव्हा मी ते दुरुस्तही केलं नाही. सोमवारी करू म्हटलं. बरंच झालं, बिनबोभाट गेलं, असंही मनात आलं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी एका केंद्रातून तक्रार आली. त्या गावात संध्याकाळी व्होल्टेज फार कमी असायचं. दुधाचा सेन्सर उठायला सुस्तावला, दोन सेकंद उलटून गेले, आणि शून्य पाण्याच्या सेन्सरला मिळालं. मशीन गार पाणी मोजत स्वस्थ बसलं. सकाळी झाकण उघडलं तर टाकीभर दूध नासलेलं. गावातल्या घराघरांतून कॅन, चरव्या, बाटल्यांतून आलेलं दूध नाल्यात ओतावं लागलं.

मीटिंगला आम्ही सहा जण होतो. मॅनेजर, कारखान्याचे प्रमुख, सर्व्हिसचा माणूस, एचआरच्या बाई, अण्णा आणि मी. भिंतीवरच्या स्क्रीनवर ड्रायव्हरची फाइल उघडलेली.

"ये डिले किसने डाला?" मॅनेजरने विचारलं.

सर्व्हिसच्या माणसाने त्या ओळीची नोंद उघडली. तारीख, वेळ आणि अण्णांचं नाव.

अण्णांना डॉक्टरांनी स्क्रीन बघू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ती फाइल ते तेव्हाच पहिल्यांदा बघत होते. काळा चष्मा काढून ते उठले, भिंतीजवळ गेले, आणि त्यांनी ती ओळ वाचली. मग तारीख वाचली. तारखेपाशी ते जरा जास्त वेळ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे तीन वर्षं स्वतःला सांगत आले.

"आपने ही तो मना किया था इसको," मॅनेजर म्हणाला. "फिर खुद ही डाल दिया?"

"हौदु," अण्णा म्हणाले. म्हणजे हो. "फाइल मेरी है. नाम भी मेरा है." आणि चष्मा लावून खुर्चीत येऊन बसले.

मी मूग गिळून बसले. वहीत काहीतरी लिहीत होते. नंतर बघितलं तर नुसत्या रेघा होत्या.

त्यांचा करार पुढे वाढला नाही. उरलेला महिना ते रोज येत राहिले. बोम्मसंद्राची यादी त्यांनी पुरी केली. शेवटच्या दिवशी कारखान्यातल्या त्या डावखुऱ्या बाईने त्यांच्यासाठी चिरोट्यांचं ताट पाठवलं होतं, त्यावर मोगऱ्याचा गजरा ठेवून. ऑफिसने एक केक आणला. अण्णांनी यादीची फाइल माझ्या हातात दिली. "हे पुरं करा, अक्का. स्वल्पच राहिलं आहे." एवढंच बोलले आणि जिना उतरून गेले.

मी ते पुरं केलं. त्यांच्या पन्नास ओळी, त्यांची यादी. आज आमच्या प्रत्येक मशीनमध्ये सेन्सरला सॉकेटवरून नाव मिळतं आणि त्यानंतर कुठे थेंबभर दूध नासलेलं नाही. ते कंपनीत नव्हते म्हणून बदल माझ्या नावाने गेला. त्यात मी खाली अण्णांचे आभार लिहिले. आभार! मला बढती मिळाली, ड्रायव्हरची फाइल आता माझी आहे.

मी त्यांना फोन करायचे, दसऱ्याला, दिवाळीला. बोलायचं ठरवून फोन लावायचे आणि डोळा कसा आहे, कॉफी किती वेळा घेता असलं काहीतरी विचारून ठेवायचे. ते नीट बोलायचे. ते जरा तुटक बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

या हिवाळ्यात नव्या मुलांचं ट्रेनिंग होतं. शिकवणाऱ्याने एक स्लाइड दाखवली, 'असं कधीही करू नका' या मथळ्याची. त्यावर ती ओळ होती. दोन सेकंद. शेजारी नोंदीचा फोटो आणि त्यात अण्णांचं नाव, स्पष्ट. मुलं हसली. "कौन था ये बंदा?" एकाने विचारलं. शिकवणारा म्हणाला, "था कोई बुजुर्ग. मेरे आने से पहले." मी शेवटच्या रांगेत बसले होते. सात वर्षं ज्या माणसाने माझी एकेक ओळ घासूनपुसून घेतली, त्याची ओळख या इमारतीत आता एवढीच उरली होती, आणि ती मी दिलेली होती. माझ्याने तिथे बसवेना.

शनिवारी जे. पी. नगरला गेले. अण्णांच्या बायकोने दार उघडलं आणि "बरं झालं आलात," म्हणून मला थेट मागच्या पडवीत नेलं. अण्णा चटईवर बसून अवरेकाई सोलत होते. त्या दिवसांत बंगळुरातल्या घराघरात ते पावटे सोलणं चाललेलं असतं. आधी शेंगेतून दाणा काढायचा, मग पाण्यात भिजवून चिमटीत दाबून त्याचं सालही उडवायचं. ते बारीक झाले होते. अर्धा स्वेटर सैल पडत होता. मला बघून त्यांनी शेंगांचा अर्धा ढीग माझ्यासमोर सरकवला.

थोडा वेळ मी सोलत राहिले. मग म्हटलं, "अण्णा, ते दोन सेकंद मी घातले होते. चाचणीच्या खोलीतून. तुमच्या लॉगिनवर."

"माहीत आहे," ते म्हणाले. हात चालूच होता. "त्या दिवशी माझ्या डोळ्याला पट्टी होती, अक्का. तारीख बघितली मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. आवाजात राग नव्हता.

"मीटिंगमध्ये नाही तर नंतर बोलाल," ते म्हणाले. "माणूस घाबरतो, सरी, ठीक आहे. स्वल्प वेळ दिला पाहिजे. मी महिनाभर येत होतो की." एक दाणा हातातून निसटून चटईखाली गेला, तो त्यांनी शोधून काढला. "शेवटच्या दिवशी फाइल दिली, तेव्हा पण वाटलं."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर मी कधी रडले नव्हते. डोळे पुसत मी म्हणाले, "ती स्लाइड काढायला लावते मी. आणि सोमवारी सगळ्यांना सांगते. त्या मीटिंगमध्ये जे जे होते त्या प्रत्येकाला."

"कोण कोण आहेत तिथं आता?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी सांगायला लागले. मॅनेजर कॅनडाला गेला. सर्व्हिसचा माणूस हैदराबादला, दुसऱ्या कंपनीत. एचआरच्या बाई त्याच वर्षी सोडून गेल्या. कारखान्याचे प्रमुख निवृत्त होऊन कोइमतूरला राहतात.

"मग कोण राहिलं?"

"मी," मी म्हटलं.

अण्णांनी पदरात घ्यावेत तसे सोललेले दाणे ओंजळीत गोळा करून भांड्यात टाकले.

"तुम्हाला तर पहिल्यापासून माहीत होतं, अक्का," ते म्हणाले.